माथेरानच्या पायवाटा आणि नियोजित सुधारणा : निवांत निसर्गविहाराच्या दृष्टीने एक विवेचन

सारांश

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात वसलेले माथेरान हे मोटारवाहनांना बंदी असलेले गिरिस्थान आहे. केंद्र शासनाने २००३ मध्ये माथेरान व त्याच्या परिसराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा दर्जा दिला. त्यानंतर येथे रस्ते, पॉइंट, वाहतूक आणि स्वच्छता यांसंबंधी अनेक सुधारणा योजण्यात आल्या व त्यांतील काहींवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद झाला. निवांत निसर्गविहारासाठी राखलेल्या स्थळी सुधारणा कोणत्या निकषांवर तपासाव्यात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. सेवामार्ग आणि विहारवाट यांतील भेद स्पष्ट राखणे हा अशा नियोजनाचा पाया असावा, असे प्रतिपादन येथे आहे.

बीजसंज्ञा : माथेरान, निसर्गविहार, संवेदनशील क्षेत्र, जांभा, पेव्हर ब्लॉक, ई-रिक्षा, हातरिक्षा.

१. प्रास्ताविक

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे समुद्रापासून दूर, सह्याद्रीला टेकलेले तालुके आहेत. मुंबई-पुणे लोहमार्ग आणि द्रुतगती महामार्ग या दोहोंमुळे दोन्ही महानगरांतील रहिवाशांना सुटीच्या दिवशी येथे पोहोचणे सोपे झाले आहे. त्यामुळे या भागात विरंगुळ्याची दोन अगदी भिन्न रूपे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एकीकडे खालापूर तालुक्यात २०१३ मध्ये सुरू झालेले इमॅजिका हे मनोरंजन उद्यान आहे. तेथे यंत्रे, पाळणे, खेळ आणि संगीत यांच्या साह्याने पाहुण्यांचे मन रमवले जाते. दुसरीकडे कर्जत तालुक्यातील माथेरान आहे. तेथे पाहुणा चालतो, बसतो, दरीकडे पाहतो आणि परततो.

या दोन रूपांत श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद करण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या गरजा भिन्न आहेत, हे मात्र लक्षात घेतले पाहिजे. मनोरंजन उद्यानात नवी सोय म्हणजे नवी भर असते. माथेरानसारख्या स्थळी केलेली भर मूळच्या ठेव्यालाच कमी करीत नाही ना, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. गेल्या दोन दशकांत माथेरानच्या रस्त्यांविषयी जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. वर्तमानपत्रांत तो बहुधा 'विकास विरुद्ध पर्यावरण' या ठरावीक चौकटीत मांडला जातो. प्रत्यक्षात तो अधिक गुंतागुंतीचा आहे. तो उलगडून दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. निवांत निसर्गविहार : संकल्पना

उद्याननियोजनाच्या शास्त्रात मनोरंजनाचे सर्वसाधारणपणे दोन प्रकार मानतात. क्रीडांगण, जलतरण तलाव, पाळणे यांसारख्या खास बांधलेल्या सोयींवर अवलंबून असलेला तो 'ॲक्टिव्ह' प्रकार. चालणे, पक्षी पाहणे, झाडाखाली बसणे, चित्र काढणे यांसारखा, जागेत फारसा बदल न करता घेता येणारा तो 'पॅसिव्ह' प्रकार. दुसऱ्या प्रकारासाठी 'निष्क्रिय मनोरंजन' असा प्रतिशब्द कधी कधी योजला जातो. पण तो फसवा आहे. दहा किलोमीटर पायी चालणारा माणूस निष्क्रिय खचितच नसतो. तेथे निष्क्रिय राहायचे असते ते बांधकामाने. म्हणून प्रस्तुत लेखात 'निवांत निसर्गविहार' हा शब्द वापरला आहे.

ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे एक रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १८६५ मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीविषयी अहवाल लिहिला. तेथील बांधकामे अत्यावश्यक तेवढीच असावीत आणि आज येणाऱ्या मोजक्या प्रवाशांच्या सोयीपेक्षा पुढे येणाऱ्या असंख्य लोकांचा हक्क मोठा मानावा, असा त्यातील विचाराचा गाभा होता. आपल्याकडे मुंबईत धारावी-माहीम परिसरातील महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे या विचाराचे वेगळ्या परिस्थितीतील उदाहरण होय. शहराचा कचरा टाकण्याच्या जागेवर झाडे लावून सुमारे ३७ एकरांचे हे उद्यान घडवले गेले व १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. तेथे निसर्ग नव्याने उभा करावा लागला. माथेरानात तो आधीच उभा आहे. त्याला धक्का न लावता माणसाला त्याच्यापर्यंत नेणे एवढेच नियोजनाचे काम उरते. वरवर सोपे भासणारे हे काम अधिक अवघड आहे.

३. माथेरानची घडण

माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. मे १८५० मध्ये ठाण्याचा तत्कालीन कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हा आज खालापूर तालुक्यात असलेल्या चौक गावी मुक्कामास असताना डोंगरावर चढला आणि तेथील जंगल व हवा पाहून त्याने पुन्हा भेट दिली. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात वस्तीची आखणी झाली. युरोपीय, पारशी, बोहरा आदी समाजांतील सधन कुटुंबांनी मोठमोठ्या भूखंडांवर बंगले बांधले. एका भूखंडावर एक बंगला आणि सभोवती राखलेली झाडी या पद्धतीमुळे वस्ती वाढूनही वन टिकले.

अर्थात मॅलेटच्या आधीही हा डोंगर निर्जन नव्हता. पायथ्याच्या आणि उतारावरच्या वाड्यांतील ठाकर, कातकरी व धनगर समाजाच्या पायवाटा माथ्यापर्यंत येत होत्या. दूध, सरपण, करवंदे, जांभळे घेऊन वर येणारी माणसे त्या वाटांनी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. आज पर्यटक ज्यांना पर्यटनाच्या वाटा म्हणतात, त्यांतील कित्येक मुळात या श्रमाच्या वाटा आहेत.

नेरळ ते माथेरान ही दोन फूट रुंदीची छोटी रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकाराने बांधली गेली आणि १९०७ मध्ये सुरू झाली. सुमारे २१ किलोमीटरच्या या मार्गाने माथेरानला लोकांच्या आवाक्यात आणले. पण रस्त्याने जी गर्दी व जो धूर येतो, तो या रेल्वेने आणला नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला व २००७ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा मोठे नुकसान झाले आणि नेरळपासूनची संपूर्ण सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ववत झाली. या डोंगरावर पाणी किती जोराने वाहते, याची साक्ष देण्यास एवढा इतिहास पुरेसा आहे.

वनस्पतींच्या दृष्टीने माथ्यावरचे जंगल निमसदाहरित प्रकारचे आहे. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा ही येथील महत्त्वाची झाडे. त्यांच्या फांद्या वाटेवर एकमेकींत गुंतून छत तयार होते आणि भर उन्हाळ्यातही वाट सावलीत राहते. शेकरू, वानरे, माकडे, शीळकरी कस्तुर, स्वर्गीय नर्तक असे प्राणी-पक्षी येथे दिसतात. फुलपाखरांविषयी तर एक उद्बोधक तुलना उपलब्ध आहे. १८९४ मध्ये जे. ए. बेथम यांनी माथेरानच्या फुलपाखरांची ७८ जातींची यादी प्रसिद्ध केली होती. त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४० जातींची नोंद झाली. जाती वाढल्या असा याचा अर्थ नाही. बारकाईने पाहिले गेले असा आहे. तरीही इतके वैविध्य मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर टिकून राहिले, ही गोष्ट लहान नव्हे.

४. २००३ ची अधिसूचना व तिचा आशय

महाबळेश्वर-पाचगणी परिसराला जानेवारी २००१ मध्ये संवेदनशील क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्यापाठोपाठ ४ फेब्रुवारी २००३ रोजी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये माथेरानविषयीची अंतिम अधिसूचना निघाली. माथेरान नगरपरिषदेची हद्द जेमतेम सात चौरस किलोमीटर असली, तरी संवेदनशील क्षेत्र २१४.७३ चौरस किलोमीटर एवढे विस्तृत आहे व त्याभोवती २०० मीटरचा संरक्षक पट्टा आहे. माथा वाचवायचा तर उतार व पायथाही सांभाळला पाहिजे, ही जाणीव त्यामागे आहे.

या अधिसूचनेने झोनल मास्टर प्लॅन, म्हणजे क्षेत्रीय बृहत् आराखडा तयार करण्यास सांगितले आणि देखरेखीसाठी सनियंत्रण समितीची तरतूद केली. अभ्यासकांच्या दृष्टीने तिच्यातील एक बाब विशेष लक्षणीय आहे. नैसर्गिक वारशाची गणना करताना धबधबे, झरे, घळी, देवराया, गुहा यांच्याच पंक्तीला पॉइंट, पायवाटा आणि घोडेस्वारीच्या वाटा यांना स्थान देण्यात आले. सामान्य नगररचनेत वाट ही स्थळापर्यंत पोहोचण्याचे साधन असते. येथे वाट हीच जपण्याची वस्तू ठरली. पॅनोरमा पॉइंटवरून दिसणारा सूर्योदय जितका मोलाचा, तितकीच तेथवर नेणारी सावलीची मातीची वाटही मोलाची आहे, असा याचा अर्थ होतो. पुढील सर्व वाद समजून घेताना हा मुद्दा ध्यानी ठेवावा लागतो.

५. माती, पाणी आणि टापा

माथेरानच्या माथ्यावर काळ्या बेसाल्ट खडकावर जांभ्याचा थर आहे. जांभा झिजून जी लाल माती होते, तीच येथील वाटांची माती. कोरड्या दिवसांत ती पायांखाली भुरभुरीत होते. घोड्यांच्या टापांनी ती अधिकच मोकळी होते आणि धूळ उडते. पावसाळ्यात येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उन्हाळ्यात मोकळी झालेली माती पहिल्याच जोरदार सरींबरोबर वाहू लागते.

वाट उताराच्या दिशेने सरळ गेलेली असेल तर तिचाच ओहोळ होतो. दरवर्षी ती थोडी खोल जाते, कडेच्या झाडांची मुळे उघडी पडतात आणि कालांतराने झाड कलते. मुळे उघडी पडलेली वाट चालण्यास त्रासदायक होते, म्हणून माणसे व घोडे तिच्या कडेने नवी वाट पाडतात. अशा रीतीने वाट रुंदावत जाते आणि जंगलाची कडा मागे सरते. एका झाडाच्या पडण्याने छतात झरोका पडतो, तेथे ऊन येते, माती आणखी सुकते. धूप हा एकाच जागी थांबणारा आजार नाही.

वाहून गेलेली माती कोठे जाते, हेही पाहिले पाहिजे. माथ्यावरील शार्लट तलाव हा गावाच्या पाण्याचा जुना आधार आहे. पुढे नेरळच्या बाजूने उल्हास नदीचे पाणी उपसून वर आणण्याची व्यवस्था झाली असली, तरी तलावाचे महत्त्व संपलेले नाही. माथ्यावरचे काही पाणी उल्हासकडे, काही पनवेलच्या बाजूला आणि दक्षिणेकडील काही खालापूर तालुक्यात मोरबे जलाशयाकडे उतरते. मोरबे धरणातून नवी मुंबईला पाणीपुरवठा होतो. माथेरानच्या वाटेवरची धूप हा केवळ पर्यटकांच्या बुटांचा प्रश्न नाही, हे यावरून ध्यानात येईल. शिवाय १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर कोसळलेल्या दरडीने या भागातील उतार आणि अतिवृष्टी यांचे नाते किती गंभीर असू शकते, हे सर्वांसमोर आणले. त्या दुर्घटनेचा वाटांच्या कामांशी संबंध जोडणे अनुचित होईल. परंतु या डोंगररांगेत पाण्याच्या निचऱ्याचा विचार गौण मानता येत नाही, एवढा बोध त्यातून घेता येतो.

६. फरसबंदी आणि ई-रिक्षा : वादाचे स्वरूप

धूळ आणि धूप या दोन्हींवर उपाय म्हणून वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवण्याची कल्पना पुढे आली व प्रमुख रस्त्यांवर तशी कामेही झाली. या उपायाच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे निराधार नाहीत. माती धरून राहते, धूळ कमी होते, वृद्धांना व रुग्णांना चालणे सुकर होते, रुग्णवाहिका नीट जाऊ शकते. पावसाळ्यात चिखलातून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या दृष्टीने तर हा चर्चेचा नव्हे, रोजच्या जगण्याचा विषय आहे.

विरोधी मुद्देही तितकेच विचारार्ह आहेत. ब्लॉकवर, विशेषतः ओल्या ब्लॉकवर, घोड्यांचे पाय घसरतात, ही अश्वपालांची तक्रार आहे. ब्लॉकखाली काँक्रीटचा थर असेल तर पाणी मुरत नाही. ते पृष्ठभागावरून वेगाने धावते आणि फरसबंदी जेथे संपते तेथे अधिक जोराने माती उखडते. झाडांच्या मुळांना हवा व ओल कमी मिळते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, टणक व सपाट रस्ता वाहनाला आमंत्रण देतो. आज चालण्यासाठी केलेला रस्ता उद्या चालणाऱ्यालाच बाजूला सारतो, हा इतर गिरिस्थानांचा अनुभव आहे.

याच सुमारास हातरिक्षांचा प्रश्न ऐरणीवर आला. माथेरानात मोटारवाहनांना बंदी असल्याने दस्तुरी नाक्यापासून पुढे माणसे चालत, घोड्यावर किंवा माणसाने ओढायच्या हातरिक्षेतून जात असत आणि सामान हमालांच्या डोक्यावर अथवा घोड्यांवरून जात असे. चढउताराच्या वाटेवर माणसाने माणसाला ओढत नेणे ही गोष्ट स्वतंत्र देशाला शोभणारी नाही, ही भूमिका खुद्द हातरिक्षाचालकांनीच न्यायालयात मांडली व पर्याय म्हणून ई-रिक्षा चालवण्याची परवानगी मागितली. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक उपक्रम सुरू झाला. पुढे २०२४ मध्ये न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या २० पर्यंत मर्यादित ठेवली आणि त्या मूळच्या हातरिक्षाचालकांनाच मिळाव्यात, असे स्पष्ट केले.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने याविषयी महत्त्वाचा आदेश दिला. हातरिक्षा ही मानवी प्रतिष्ठेला बाधा आणणारी प्रथा असल्याचे नमूद करून ती सहा महिन्यांच्या आत बंद करावी, गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा भाडेतत्त्वावर उपलब्ध करून देऊन चालकांचे पुनर्वसन करावे आणि निधीचा अभाव ही सबब पुढे करू नये, असे राज्य शासनास सांगण्यात आले. त्याच आदेशात दस्तुरी नाका ते शिवाजी महाराज पुतळा या मुख्य मार्गावर पेव्हर ब्लॉकला अनुमती मिळाली. अंतर्गत रस्ते व पदभ्रमणाच्या वाटांवर मात्र ते बसवण्यास मनाई करण्यात आली.

७. सेवामार्ग आणि विहारवाट

वरील आदेशाकडे केवळ दोन पक्षांमधील तडजोड म्हणून पाहिले तर त्यातील नियोजनतत्त्व नजरेतून निसटते. न्यायालयाने एका मार्गाला एक न्याय आणि इतर वाटांना दुसरा न्याय लावला. या भेदाला आपण सेवामार्ग आणि विहारवाट अशी नावे देऊ.

सेवामार्ग म्हणजे गावाचा जीवनमार्ग. २०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या साडेचार हजारांच्या आत होती. ही माणसे निसर्ग पाहण्यासाठी येथे राहत नाहीत. ती येथे जगतात. त्यांच्या घरी गॅस, धान्य, औषध पोहोचले पाहिजे. बाळंतीण वेळेत खाली गेली पाहिजे. त्यासाठी एक टणक, बारमाही, मर्यादित मार्ग असणे हा त्यांचा हक्क आहे. पर्यटकाच्या रम्य आठवणीसाठी रहिवाशाने चिखल तुडवावा, हा आग्रह निसर्गप्रेमात बसत नाही.

विहारवाट ही याहून निराळी गोष्ट आहे. तेथे पोहोचण्याची घाई नसते. लुइझा, एको, अलेक्झांडर, गार्बेट, वन ट्री हिल अशा तीसहून अधिक पॉइंटांकडे जाणाऱ्या वाटांचे मोल त्यांच्या मऊपणात, वळणांत, सावलीत आणि शांततेत आहे. माती दाबून टणक केली की पावलांचा आवाज बदलतो. वाट रुंद केली की दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींपासून दुरावतात. दिवे लावले की रात्रीचे कीटक व पक्षी विचलित होतात. यांतील प्रत्येक बदल लहान आहे. सर्व एकत्र झाले की विहारवाट केवळ नकाशावर उरते.

सेवामार्गाचा निकष विहारवाटेला लावला तर निसर्ग जातो आणि विहारवाटेचा निकष सेवामार्गाला लावला तर माणसाचे हाल होतात. माथेरानविषयीच्या बऱ्याच चर्चा निष्फळ ठरतात, त्याचे कारण दोन्ही पक्ष दोन वेगळ्या वाटांविषयी बोलत असतात, हे आहे.

८. विहारवाटांच्या सुधारणेचे निकष

विहारवाटांवर काहीच करू नये, असा मात्र याचा अर्थ नाही. हात न लावता सोडलेली वाट वर वर्णिल्याप्रमाणे धुपत राहते. म्हणून पुढील निकष सुचवावेसे वाटतात.

(अ) आधी पाणी, मग पृष्ठभाग : वाटेवर आडव्या, तिरकस दगडी पाटांची योजना करून ठरावीक अंतरावर पाणी जंगलाच्या बाजूला काढून दिले, तर त्याला वेग येण्याआधीच ते पसरते व मुरते. बहुतांश धूप एवढ्यानेच आटोक्यात येऊ शकते.

(आ) स्थानिक द्रव्य : कडा बांधण्यासाठी जांभ्याचे चिरे, तीव्र उतारावर दगडी पायऱ्या, घसरत्या बाजूला तारेच्या जाळीत दगड भरून केलेली गॅबियन भिंत ही साधने पाणी अडवतात, पण ते झिरपूही देतात. पुढे काढून टाकायची वेळ आली तरी मागे काँक्रीट उरत नाही.

(इ) सुरक्षितता व दृश्य : दरीच्या टोकाला कठडा हवाच. मात्र तो बसलेल्या माणसाच्या नजरेआड येऊ नये इतका बेताचा असावा. पॉइंटवर दुकाने आणि फलकांची दाटी झाली, तर ज्या दृश्यासाठी माणूस आला तेच त्याच्या पाठीमागे राहते.

(ई) घोड्यांची स्वतंत्र वाट : माथेरानात साडेचारशेच्या आसपास घोडे आहेत व त्यांवर अनेक कुटुंबे अवलंबून आहेत. जेथे रुंदी आहे तेथे चालणारे व घोडे यांच्या वाटा अलग केल्या, तर दोघांचीही सोय होते आणि धुपीचा भार एका पट्ट्यापुरता मर्यादित राहतो.

(उ) माहिती व स्वच्छता : झाडांची मराठी नावे, त्यांचे उपयोग आणि वाटेचे अंतर सांगणारे छोटे फलक पुरेसे आहेत. ओला कचरा व लीद यांचा माथ्यावरच विनियोग करण्याच्या दृष्टीने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' तंत्रज्ञानावर आधारित बायोगॅस प्रकल्प हा योग्य दिशेचा मार्ग आहे. प्लास्टिक मात्र वर येण्याआधीच रोखले पाहिजे.

(ऊ) देखभालीची तरतूद : पाट दरवर्षी पावसाआधी साफ करावे लागतात, ढासळलेले चिरे पुन्हा बसवावे लागतात. हे काम एकदाच ठेका देऊन संपणारे नाही. म्हणूनच कदाचित ते फारसे आवडीचे नाही. त्याला उद्घाटन नसते. परंतु उतारावरच्या वाड्यांतील तरुणांना यातून वर्षभराचा नियमित रोजगार मिळू शकतो. ज्यांच्या पूर्वजांनी या वाटा पाडल्या, त्यांच्याच हाती त्यांची राखण सोपवणे न्याय्यही ठरेल.

यांपैकी शेवटचा निकष बाकीच्या सर्वांचा आधार आहे. फरसबंदीची लोकप्रियता तिच्या गुणांपेक्षाही 'एकदा केले की झाले' या समजुतीवर उभी आहे. मातीची वाट वर्षानुवर्षे माणसांचे लक्ष मागते. ते लक्ष देण्याची व्यवस्था केली नाही, तर मातीच्या वाटेचा कैवार घेणारेच शेवटी फरसबंदीचा मार्ग मोकळा करून देतात.

९. महाविद्यालयांचे दायित्व

या विषयात महाविद्यालयीन अध्यापकांना करण्याजोगे बरेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर पदवी स्तरावर 'पर्यावरण अभ्यास' हा विषय अनिवार्य झाला आणि त्यात क्षेत्रकार्याचा समावेश आहे. व्यवहारात हे क्षेत्रकार्य पुष्कळदा एका सहलीवर व माहितीजालावरून उतरवलेल्या प्रकल्पवहीवर आटोपते. माथेरानच्या वाटा मात्र खऱ्या मोजमापासाठी उत्तम आहेत.

एखादी विहारवाट निवडून तिच्यावर ठरावीक अंतराने खुणा कराव्यात. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी व नंतर त्या जागी वाटेची रुंदी, खोली आणि उघड्या मुळांची लांबी मोजावी. साधी दोरी, मोजपट्टी आणि छायाचित्र एवढीच सामग्री लागते. भूगोल विभागाने उतार व निचरा, वनस्पतिशास्त्र विभागाने वाटेकडेची झाडी, अर्थशास्त्र विभागाने अश्वपाल, हमाल व ई-रिक्षाचालक यांचे उत्पन्न, मराठी विभागाने वाटांची व जागांची स्थानिक नावे नोंदवावीत. पॉइंटांना इंग्रजी नावे मिळण्यापूर्वी वाड्यांतील माणसे त्या जागांना काय म्हणत होती, याची नोंद करणे हे तर तातडीचे काम आहे. कारण ती नावे वृद्धांच्याच तोंडी उरली आहेत.

अशा नोंदी पाच-सात वर्षे सातत्याने झाल्या, तर नगरपरिषद, वन विभाग आणि सनियंत्रण समिती यांच्यासमोर ठेवण्याजोगा पुरावा तयार होईल. आज पेव्हर ब्लॉकच्या बाजूने व विरोधात बोलणारे बहुतेक जण आपापल्या अनुभवावरून बोलतात. अनुभवाला मोजमापाची जोड देणे, हे विद्यापीठीय ज्ञानव्यवहाराचे मूळ काम आहे आणि कर्जत-खालापूर परिसरातील महाविद्यालयांइतकी ते करण्यास सोयीची जागा अन्य कोणाची नाही.

१०. समारोप

माथेरानच्या नियोजित सुधारणांचा विचार करताना तीन निष्कर्ष हाती येतात. पहिला, निवांत निसर्गविहाराच्या स्थळी वाट ही स्वतःच वारसा आहे, हे २००३ च्या अधिसूचनेतील तत्त्व प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकापूर्वी आठवले पाहिजे. दुसरा, सेवामार्ग व विहारवाट हा भेद मान्य केला तर रहिवाशांची सोय, श्रमिकांची प्रतिष्ठा आणि वनाचे रक्षण या तिन्ही गोष्टी एकत्र साधता येतात. तो पुसला तर तिन्ही धोक्यात येतात. तिसरा, विहारवाटेची सुधारणा म्हणजे निचरा, स्थानिक दगड आणि नित्य देखभाल.

रोपवे, फ्युनिक्युलर रेल्वे, नवी वाहनतळे यांच्या चर्चा माथेरानविषयी अधूनमधून होतच असतात. प्रत्येक योजनेचे गुणदोष तज्ज्ञांनी तपासावेत. परंतु माथ्यावर माणसे अधिक वेगाने व अधिक संख्येने पोहोचू लागली, तर त्यांना पेलणाऱ्या वाटा तेवढ्याच राहणार आहेत, हे गणित कोणत्याही योजनेने टाळता येणार नाही. म्हणून माथेरानसाठी पुढे येणाऱ्या प्रत्येक आराखड्याने, पाहुणा वर कसा येईल याच्या आधी, वर आलेल्या पाहुण्याच्या पायाखालची माती पुढच्या पावसाळ्यानंतर कोठे असेल, याचे उत्तर द्यावे.